वरचा कागद

४ मे

चिंगे,

वर काय लिहावं यातच सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, आता आठवलं का. ‘चिरंजीव’ लिहिलं तर शाळेच्या दाखल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी घरातली हाक लिहिली. सत्तावीस वर्षांच्या बाईला चिंगी म्हणू नये हे मलाही कळतं, पण माझ्याकडे तुझं शेवटचं वय अठराच आहे.

पत्ता जावईबापूंनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच पिच्छा पुरवला. दर रविवारी ते फोन करून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करतात आणि दर वेळी मागून गाड्यांचा आवाज येत असतो. घरातून बोलत नाहीत हे मला कळतं, पण मी विचारत नाही. माणूस सरळ आहे. तोंड पाहिलेलं नसलं तरी सांगते.

मी सध्या एका गावात आहे. कॉलेजातून निवृत्त होऊन वर्ष झालं. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं ठोकली, दुसऱ्या दिवसापासून कुणाचा फोन नाही. एक संस्था गावातल्या तरुण मुलामुलींसाठी उन्हाळ्यात महिनाभर चित्रकलेचे वर्ग घेते. या गावाला यायला कुणी मास्तर तयार होईना. मी हो म्हटलं. घरी भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं.

खोली खत-बियाण्यांच्या दुकानावर आहे. खताचा वास उशीलासुद्धा येतो. एक खिडकी, एक शेगडी, एक टेबल आणि दोन कप. दोन का, कोण जाणे. रोज सकाळी मी दोन्ही धुऊन ठेवते.

वर्ग शाळेत भरतो. शाळेला सुटी, त्यामुळे बाकं एकावर एक रचून ठेवलेली आणि वर पत्रा. पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर नाकावरचा घाम कागदावर टपकतो. म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला धडा असा की प्रत्येकाने बाहेर जाऊन आपापले चार दगड शोधून आणायचे, कागदाच्या चार कोपऱ्यांसाठी. चौदा जण आहेत, पंधरा ते एकोणीस वयाचे. निम्मे पंख्यासाठी आलेत असा माझा संशय आहे.

आणि हो, तुझं चित्र मी बरोबर आणलंय. तेच, प्रवेशपरीक्षेचं, मी टेबलाशी बसलेली. जाताना तू कपाटावर टाकून गेलीस ते. वर्गात फळ्याच्या शेजारी लावलंय. मुलांना डोळ्यांसमोर काहीतरी चांगलं लागतं. माझ्या मुलीने अठराव्या वर्षी काढलं आणि प्रवेशाच्या यादीत पहिली आली, एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. पुढचं काय सांगायचं? एवढ्याशा गोष्टीवरून तू डोक्यात राख घालून घेतलीस आणि पेन्सिल टाकलीस. तुझ्या नाकावर लहानपणापासून माशी बसत नाही.

जेवणाच्या वेळा पाळ.

आई


१० मे

चिंगे,

उत्तराची वाट बघत नव्हते. तरी पोस्टमन खालच्या दुकानात आला की मी जिन्यापर्यंत जाते. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. त्याला वाटतं, शहरातली बाई फार बोलकी आहे.

वर्गात आता नऊ उरले. पाच जण पंख्याला कंटाळले. उरलेल्यांना परवा चित्राचा कोळसा करायला शिकवला. बोटाएवढ्या काड्या सोलून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला एक भोक पाडायचं आणि डबा विस्तवात ठेवायचा. भोकातून धूर यायचा थांबला की काढायचा. डबा उघडल्यावर नऊच्या नऊ जण जादू बघितल्यासारखे डब्यावर वाकले. एक मुलगा आहे, तो काहीही सांगितलं तरी ट्रॅक्टर काढतो. फुलदाणी ठेवली तरी ट्रॅक्टर. त्यानेसुद्धा त्या कोळशाने पहिल्यांदा शिपायाचं तोंड काढलं. शिपाईमामा फार खूश. शाळेची किल्ली त्यांच्याकडे असते आणि ते दिवसभर व्हरांड्यात झोपा काढतात. त्यामुळे मॉडेल म्हणून त्यांच्याइतका स्थिर माणूस मिळायचा नाही.

मी यांना माझा नियमही सांगितला. तुला तो पाठ आहे. विद्यार्थ्याच्या कागदाला मास्तरचा हात लागता कामा नये. काही दाखवायचंच असेल तर त्याच्या चित्रावर आरपार दिसणारा बटर पेपर ठेवायचा आणि त्या वरच्या कागदावर रेघ ओढून दाखवायची. पटलं तर त्याने स्वतः खाली सुधारावं, नाही पटलं तर वरचा कागद उचलून फेकून द्यावा. खालचं चित्र ज्याचं त्याचं. एकतीस वर्षं मी हे घोकलं. दुसरे मास्तर सरळ मुलांच्या चित्रांवर हात मारायचे आणि मी नाक मुरडायचे.

एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. तिला सगळे गोगलगाय म्हणतात. तीसुद्धा स्वतःला तेच म्हणते, म्हणून मीही म्हणते. इतरांचं चित्र पुरं होईपर्यंत ती नुसती बघत असते. मग एक रेघ. मग पुन्हा बघणं. पण ती रेघ, चिंगे, पुसावी लागत नाही. बोलायचं म्हणशील तर दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक ‘पाणी पिऊन येते’.

तिला बघून कुणाची आठवण आली हे लिहीत नाही.

आई


१७ मे

चिंगे,

आज वर्गात एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. गोगलगाय तुझ्या चित्रासमोर उभी. बराच वेळ. मला वाटलं, भारावली असेल. मी म्हटलं, काय बघतेस एवढं?

ती म्हणाली, “बाई, हे डोळे नंतर काढलेत.”

मी विचारलं, म्हणजे काय?

“बाकी सगळं एका हाताचं आहे. डोळे दुसऱ्या कुणाचे आहेत. आणि खाली काहीतरी पुसलंय.”

मी तिला सांगितलं की असं काही नाही, माझ्या मुलीने सुरुवातीला चूक केली होती आणि तिनेच ती सुधारली. ती बरं म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. माझ्यावर विश्वास ठेवून ‘बरं’ म्हणाली की मोठ्या माणसाला काय बोलायचं म्हणून, ते कळलं नाही. दुपारभर मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

या वयात खोटं बोलताना कान गरम होतात हे मला नवीन आहे. तू मात्र यावर हसू नकोस.

संध्याकाळी वर्ग सुटला की फार शांत होतं इथे. पाच वाजले की खालचं दुकान बंद. मग मी खिडकीत बसते. समोर एक घर आहे. तिथली बाई रोज त्याच वेळी वाळलेले कपडे काढते आणि आतल्या कुणाशी तरी बोलत एकेक घडी घालते. काय बोलते ते ऐकू येत नाही. मी ऐकायचा प्रयत्न करते.

जावईबापूंना फोनवर विचारलं, पत्रं मिळतात ना? म्हणाले, मिळतात. मग म्हणाले, “ती फोडत नाही, पण टाकूनही देत नाही. खणात ठेवते.”

म्हणजे हे मी खणाला लिहितेय. चालेल. खण मध्येच उठून जात नाही.

आई


२४ मे

चिंगे,

आमच्या कॉलेजने यंदा एक चांगली गोष्ट केली. गावोगावच्या या वर्गांमधून एका मुलाला किंवा मुलीला परीक्षेशिवाय थेट प्रवेश आहे. समोर माणूस बसवून काढलेलं एक चित्र पाठवायचं, पाच जूनपर्यंत. आमच्या वर्गातून गोगलगाईशिवाय दुसरं नाव नाही. ट्रॅक्टरवाल्यानेही तिचंच नाव सांगितलं.

ती तिच्या बापाचं चित्र काढतेय. बाप लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर आहे. तो पहाटे कामावर जायच्या आधी अर्धा तास तिच्यासमोर बसतो आणि ती मग तो कागद फळीवर लावून वर्गात घेऊन येते. वर्गात नुसती बघत बसते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढचं. आज आठवा दिवस. आई नाहीये तिला. घरी ती आणि बाप, दोघंच.

चेहरा कागदावर असा उतरलाय की माझ्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी येऊन बघावा. मान थोडी खाली, थकलेला, पण लेकीसाठी ताठ बसलेला माणूस. फक्त टेबलावरचा उजवा हात बिघडलाय. पहिली दोन बोटं आखूड आणि टोकाला बोथट. हात सगळ्यांनाच अवघड जातो. मी आठवडाभर हातच शिकवत होते, मधलं बोट जवळजवळ तळव्याएवढं वगैरे. हिने ऐकलं की नाही कोण जाणे. मी बटर पेपर ठेवून तिला बोटांची लांबी दाखवली. तिने वरचा कागद नीट बघितला आणि घडी घालून मला परत दिला. ‘चित्राबद्दल तोंडाने समजावून सांगायचं नाही, चित्रालाच बोलू द्यायचं’ असं मीच पहिल्या दिवशी बजावलंय. त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप.

हात शिवशिवतोय. दोन रेघांचं काम आहे. तिथे कॉलेजात कोण कोण बसतं हे मला माहीत आहे. पहिल्यांदा ते हातच बघतात. एवढ्यासाठी पोरीचा प्रवेश हुकायला नको. हुकला तर ती वखारीच्या भुशात बसून राहील. पुन्हा असा डोळा मला बघायला मिळायचा नाही.

काळजी वाटते, एवढंच. तुलाही कधी कुणाची वाटत असेल.

आई


३० मे, सकाळी

चिंगे,

आज शेवटचा दिवस. मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. शाळेच्या भिंतींना खिळे ठोकायला परवानगी नाही, म्हणून बाकं उभी करून त्यांनाच चित्रं टाचलीत. शिपाईमामांनी आज दाढी केलीय. त्यांच्या चेहऱ्याची सात चित्रं लागलीत ना. दहा वाजता गाव येईल.

मी आज फार आधी आले. सगळं माझ्या मनासारखं झालंय. एक बारीकसं काम उरकलं आणि सगळ्या चित्रांवर फवारा मारून टाकला, कोळसा पुसला जाऊ नये म्हणून. आता ती पक्की झाली.

वेळ मिळाल्यावर लिहीन.

आई


३१ मे

चिंगे,

वेळ मिळाला. वेळच वेळ आहे.

काल सकाळी शाळेत कुणी नसताना मी गोगलगाईच्या चित्रातला हात दुरुस्त केला. दोन बोटं लांब केली, टोकं नीट केली, नखं काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग फवारा मारला. लपवावंसं वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं होतं. दार मी आतून लावून घेतलं होतं.

दहाला लोक आले. अकराच्या सुमारास तिचा बाप आला. धुतलेला शर्ट, केस ओले करून बसवलेले. उजवा हात पँटच्या खिशात. दारातून चित्रापर्यंत येताना तो हात त्याने एकदाही बाहेर काढला नाही. मला डाव्या हाताने नमस्कार केला, तेव्हासुद्धा मला कळलं नाही. तो चित्रासमोर उभा राहिला. मग खिशातला हात काढून त्याने चित्रातल्या हाताजवळ नेला. पहिली दोन बोटं पेराशी संपलेली. टोकाला बोथट. तिने काढली होती तशीच, तंतोतंत.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोच बोलला, अगदी हळू. “बरं झालं, बाई. बोटं कशी होती ते मलाही विसरायला झालं होतं.”

तो रागावला नाही. चांगलं वाटावं म्हणून बोलला. माझी लाज झाकायला बोलला. मग हात परत खिशात.

गोगलगाय माझ्या मागे उभी होती. तिने चित्र बघितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, “बाई, दहा वर्षांत त्यांनी तो हात कुणासमोर ठेवला नाही. जेवतानासुद्धा वळून बसतात. माझ्यासाठी तेरा दिवस टेबलावर ठेवला.”

तिने चार टाचण्या काढल्या, चित्राची गुंडाळी केली आणि बापाचा डावा हात धरून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की हे कॉलेजला पाठवू नका, यातलं सगळं माझं नाही.

बाकीचे लोक चित्रं बघत होते. ट्रॅक्टरवाल्याच्या आईने मला विचारलं, बाई, तुम्हाला बरं नाही का? मी म्हटलं, उन्हाचं होतं असं.

आता तुझं लिहिते. तू खण उघडणार नाहीस म्हणून लिहिता येतंय, असंही असेल.

तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तू मैत्रिणीकडे गेली होतीस. चित्र टेबलावर होतं. मी टेबलाशी बसलेली, समोर मुलांचे पेपर तपासायला ठेवलेले. आणि तू माझे डोळे खाली काढले होतेस. पेपरांवर. अडीच महिने तू माझ्यासमोर बसून मला काढत होतीस आणि अडीच महिन्यांत मी एकदाही वर बघितलं नव्हतं, तेच तू काढलं होतंस. किती नेमकं काढलं होतंस, बाई. पापण्या, त्यांच्याखालचा कंटाळा, सगळं. मी ते बघितलं आणि मला आवडलं नाही. चित्र म्हणून नव्हे. मला मी आवडले नाही.

म्हणून ते पुसलं. आणि समोर बघणारे डोळे काढले. प्रेमळ. तू समोर बसली असताना जसे असायला हवे होते तसे. वर फवारा मारला, तुला परत काही करता येऊ नये म्हणून. स्वतःची समजूत घातली की पोरीची चूक सुधारली, तिच्या भल्यासाठी.

आणि परीक्षकांनी नेमकं डोळ्यांचं कौतुक केलं. सगळ्यांसमोर. या वयात असे डोळे, वगैरे. तू तिथे उभी होतीस आणि मी तुझ्याकडे बघून हसत होते. घरी आल्यावर तू एकच वाक्य बोललीस. “तुझं चित्र पहिलं आलं, तूच जा कॉलेजला.” घर सोडून मावशीकडे जाताना पेन्सिलींचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेलीस.

मी लोकांना काय सांगितलं माहीत आहे? पोरगी लहरी आहे. नऊ वर्षं सांगितलं. तुझ्या मावशीलासुद्धा तेच. सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं होतं. एका सतरा वर्षांच्या मुलीने ते दुपारच्या जेवणाच्या सुटीत ओळखलं, आणि मी तिलाही खोटं पाडलं.

मी चुकले, चिंगे. तुझं चित्र मी घेतलं. नुसते डोळे नाही, सगळंच घेतलं.

आई


५ जून

चिंगे,

एकतीसलाच संध्याकाळी मी गोगलगाईच्या घरी गेले होते. वखारीच्या मागे दोन खोल्या. सगळीकडे भुसा, पायरीवर, कपात, केसांत. बापाने मला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. मी दोघांनाही सांगितलं की चूक माझी आहे, आणि ही पहिली नाही. फळ्याशेजारच्या त्या चित्रातले डोळेही मीच काढले होते, माझ्या मुलीचे पुसून, आणि या पोरीला खोटं सांगितलं. बाप खाली बघत होता. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पाच तारखेला अजून वेळ आहे, वडिलांना पुन्हा बसवता येईल का? मी जवळपासही फिरकणार नाही.

“त्यांना पुन्हा नाही बसवणार,” ती म्हणाली. “तुम्ही बसा.”

बाप म्हणाला, अगं, बाईंना काय सांगतेस. ती ऐकेना. अट एकच, चित्र पुरं होईपर्यंत मी बघायचं नाही आणि बोलायचं नाही.

तीन सकाळी बसले. तिच्या दारात, बाकड्यावर. मी एकतीस वर्षं मॉडेलं बसवली, ‘हलू नका हो’ म्हणून त्यांच्यावर ओरडले, पण कुणी असं बघत असताना नुसतं बसून राहणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे बघत होते, भुशाकडे, करवतीकडे, चपलेकडे. तेवढा वेळ ती कोळसा खाली ठेवायची. मी तिच्याकडे बघितलं की उचलायची. मग कळलं. मग मी बघत राहिले. तिच्या कपाळावर घाम येतो, ती ओठ आत घेते, डाव्या भुवईत एक छोटा वण आहे. महिनाभर वर्गात होती आणि मी तो वण बघितलेला नव्हता.

तुझ्या चेहऱ्यावर असं काय काय आहे ते आठवायचा प्रयत्न केला. कानामागे एक तीळ आहे. उजव्या की डाव्या, नक्की सांगता येईना. त्या बाकड्यावर बसल्याबसल्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही तिने काढलं असेल. पुसायची सोय नव्हती, हलायचं नव्हतं ना.

काल चित्र पुरं झालं. बघितलं. हनुवटी जड झालीय, डावा कान किंचित वर गेलाय. डोळे आहेत तसे आहेत. म्हातारी, एकटी, पण बघतेय बापडी. मी म्हटलं, झालं तुझं? ती म्हणाली, झालं. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. फवारा तिनेच मारला. आज सकाळी चित्र संस्थेच्या गाडीने कॉलेजला गेलं. प्रवेश मिळेल की नाही, सांगता येत नाही. तिथले लोक कानही बघतात.

तिच्या बापाने निघताना मला पाण्याचा पेला दिला. उजव्या हाताने. मी तो हात बघितला आणि पाणी प्यायले. तो हसला.

आता या नळीबद्दल. फक्त पत्र असतं तर खणात गेलं असतं, म्हणून पुठ्ठ्याची नळी पाठवतेय. खणात मावणार नाही. आत तुझं चित्र आहे. गोगलगाईला मी विचारलं होतं, तुझा डोळा इतका तयार आहे, पुसलेल्या खुणांवरून आधीचे डोळे कसे होते ते वरच्या कागदावर काढून दे. ती सरळ नाही म्हणाली. ते ज्यांचं आहे त्यांनी काढावं, तुम्ही नाही आणि मी पण नाही. मग म्हणाली, नुसता कागद लावून द्या.

म्हणून चित्रावर एक बटर पेपर लावलाय, चारी बाजूंनी चिकटवलेला नाही, वरच्या कडेला फक्त. कोरा आहे. वाटलं तर त्यावर काढ, जसे होते तसे, खाली बघणारे. नाही वाटलं तर फाडून टाक, वरचा फाड नाहीतर दोन्ही फाड. तुझं आहे. पेन्सिलींचा डबाही नळीबरोबर बांधलाय. त्यातल्या एकीलाही मी टोक केलेलं नाही.

मी उद्या सकाळच्या गाडीने घरी जातेय. खोली झाडून झाली. दोन्ही कप धुऊन पालथे घातलेत.

क्षमा माग म्हणून तू कधी म्हणाली नाहीस, म्हणून मागत नव्हते. आता मागते. द्यायची की नाही, ते तुझं तू बघ. आणि हे सगळं नकोच असेल, तर न उघडता नळी परत पाठव, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुला कळवणार नाही. फक्त वरचा पत्ता जावईबापूंना लिहायला लावू नकोस. तू लिही. नऊ वर्षांत मी तुझं अक्षर बघितलेलं नाही.

आई